या, पण पोचू नका

माझं नगरला सावेडीत चष्म्याचं दुकान आहे. काउंटरखाली गोळ्यांची एक जुनी डबी आहे, तिच्यात चष्म्यांचे बारके स्क्रू पडलेले असतात. कुठला कुठल्या चष्म्याचा, ते देवाला ठाऊक. उपयोग काही नाही, पण टाकवतही नाहीत. आमच्या धावण्याच्या ग्रुपचे किस्से असेच साठलेत. मी मुळात फेकू माणूस. एरवी कुठलाही किस्सा मी तिखटमीठ लावल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ देत नाही. पण हे किस्से मला वाढवावे लागत नाहीत. उलट दोन-तीन ठिकाणी कमी करून सांगतो, कारण लाज वाटते! मित्र हसतात, मीही हसतो. कान मात्र गरम झालेले असतात.

ग्रुप म्हणजे चार टाळकी. डॉक्टर, म्हणजे दातांचे. ते एकदा पुण्याला मॅरेथॉन पळून आले आणि तेव्हापासून माणसात राहिले नाहीत. दुसरे पोपटशेठ. साड्यांचं दुकान, स्वतःचा टेम्पो आणि टेम्पोला शोभेल असं पोट. तिसरा बाळू, नागापूरच्या एमआयडीसीत फिटर. चौघांत खरा पळणारा तोच. चौथा मी.

कल्पना डॉक्टरांची. "नुसतं पळायचं नाही. पळून निधी जमवायचा, आणि निधीबरोबर लोकांमधला नागरिक जागा करायचा!"

पोपटशेठ म्हणाले, "जागा करायला आपण पहाटे निघणार? डॉक्टर, लोकं मारतील!"

*

निधीची पद्धत अशी, की आपण जेवढं अंतर पळू, त्या हिशोबात ओळखीपाळखीच्यांनी देणगी द्यायची. सगळ्यात मोठा आकडा माझ्या सासऱ्यांनी टाकला. मी भारावलो. बायको म्हणाली, "भारावू नका. त्यांनी तुमचं पळणं बघितलंय."

महिन्याभरात माझा दम जरा वाढला. ही बातमी सासऱ्यांपर्यंत गेली आणि त्यांची झोप उडाली. त्यांचं घर आमच्या रस्त्यावरच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकात उभे! "जावईबापू, या ना. कांदाभजी काढलीत. गरम आहेत."

सासऱ्यांना नाही कसं म्हणायचं? बसलो. त्यांच्या फाटकाच्या पुढे मी पंधरवडाभर गेलोच नाही. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "तुमचा सराव त्याच घराशी का संपतो?"

मी म्हणालो, "तिथं चढ लागतो."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुमच्या टी-शर्टाला बेसन लागलंय."

*

बाळूची तऱ्हा वेगळी. त्याला धाप लागत नाही, पण त्याला नाही म्हणता येत नाही. आपल्याकडे रस्त्यानं माणूस पळताना दिसला, की ओळखीच्याला वाटतं याची एसटी चुकली, नाहीतर घरात काहीतरी झालंय. गाडी थांबतेच. "बस, सोडतो!"

एका सकाळी डॉक्टरांनी बाळूच्या हातात आपलं ते पळण्याचं घड्याळ बांधलं. लांबचा पल्ला एकट्यानं पळून यायला सांगितलं. बाळू परत आला तो केस विंचरल्यासारखा. डॉक्टर घड्याळ बघतच राहिले. "बाळू, यात दिसतंय की मधला तुकडा तू मोटारसायकलच्या वेगानं पळालास."

बाळूनं मान खाली घातली. "डॉक्टर, कंपनीतले सुपरवायझर हुते. लई आग्रह केला."

"अरे, पण आपण लोकांकडून पळण्याचे पैसे घेतोय!"

"मी त्येंना सांगितलं की तसं. ते म्हनले, चांगलं काम हाय, बस लवकर!"

*

निधी कशासाठी, हे मात्र बाळूमुळेच ठरलं. त्याचं गाव मिरजगावच्या पुढं, फाट्यावरून आत. गावाचं नाव सांगत नाही, सरपंच वाचतात. तिथं रस्त्याला चिकटून शाळा आणि शाळेला कुंपणाची भिंत नाही. उसाच्या दिवसांत श्रीगोंद्याकडे जाणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून, मोठ्यानं गाणी लावून त्या रस्त्यानं जातात. शाळेत खिचडी शिजवायला बाळूची थोरली बहीण, शकुंतलाअक्का.

आम्ही शाळा बघायला गेलो. डॉक्टरांनी पोरांना समोर बसवून भाषण सुरू केलं. "बाळांनो, जागरूक नागरिक म्हणजे कोण?" तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि अख्खा जागरूक नागरिक रस्त्याच्या दिशेनं सुटला. गोळ्या-बिस्किटांची टपरी रस्त्यापलीकडे!

आणि मग ते दृश्य बघितलं. स्वयंपाकाच्या शेडमधून एक बाई पदर खोचून बाहेर आल्या. हातात खिचडी वाढायचं मोठं वगराळं. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि वगराळं आडवं धरलं. भरलेला ट्रॅक्टर करकचून थांबला. पोरं पलीकडे गेली, गोळ्या घेऊन परत आली. अक्कांनी वगराळं खाली केलं, ट्रॅक्टर गेला. ड्रायव्हरनं नमस्कारसुद्धा केला!

"हे रोज?" डॉक्टरांनी विचारलं.

"शाळा आसंल त्या दिवशी," अक्का म्हणाल्या. "रविवारी खाडा."

डॉक्टर गहिवरले. "ताई, भिंतीचे सगळे पैसे आम्ही पळून उभे करतो!"

अक्कांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं मी दुकानात फुकट फ्रेम मागणाऱ्याकडे बघतो. "पैशाचं नंतर बगू वो दादा. भिंतीच्या जागंवर सरपंचाच्या पुतन्याचा उसाच्या रसाचा मांडव हाय. तो हलवायला ग्रामसभेचा ठराव पायजे. आन् ग्रामसभेला मानसं येत न्हाईत. कोरम भरत न्हाई, सभा तहकूब व्हती. तहकूब सभेला कोरम लागत न्हाई. मग सरपंच, पुतन्या आन् च्या आनायला गेलेला मानूस, एवडे मिळून गावचा कारभार करत्यात. माजा अर्ज आपला पुढच्या सभेत. नेमी पुढच्या सभेत."

"मग आम्ही काय करायचं?"

"मानसं आना. एकदा कोरम भरू द्या. बाकीचं मी बगते. ह्या पोरांतलं एखादं गेल्यावर भिंत बांदून काय करायची?"

 

*

तर असा सगळा घाट. सव्वीस जानेवारीला त्या गावात ग्रामसभा होती. दोन दिवस आधी नागापूरहून निघायचं, मिरजगावला शेवटचा मुक्काम करायचा आणि सभेच्या वेळेला गावात पळत पोचायचं. टी-शर्टांवर मागे छापलं होतं, 'ग्रामसभेला चला'. पोपटशेठचा टेम्पो घेऊन त्यांचा ड्रायव्हर मागे, पाणी आणि केळी टेम्पोत.

वाटेत आम्हाला कुणी पळू देईल तर शपथ! प्रत्येक गावात सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा, दोन शब्द. ते दोन शब्द अर्धा-अर्धा तास चालायचे. गावात शिरण्याआधी आम्ही माणसासारखे पळायचो, गावातून निघताना नवरदेवासारखे. नारळ टेम्पोत टाकायचे आणि पुढे. तिसऱ्या गावाला पोपटशेठ टेम्पोत चढून बसले ते उतरलेच नाहीत. म्हणाले, "नारळ गडगडतात. कुणीतरी सांभाळायला पाहिजे!"

एका गावी सत्कारात मला जो नारळ मिळाला, त्याला मी ओळखलं. खोटं सांगत नाही! त्याची शेंडी डावीकडे कललेली होती आणि कपाळावर कुंकू आधीच होतं. मागल्या गावात हा मलाच दिला होता! मी टेम्पोकडे बघितलं. पोपटशेठ आभाळाकडे बघत होते. झालं असं, की शेठ टेम्पो पुढे काढून पुढच्या गावातल्या दुकानात नारळ विकत होते, आणि गावकरी त्याच दुकानातून विकत घेऊन आमचा सत्कार करत होते.

"शेठ, काय हे!"

"काय म्हणजे? पैसे निधीतच टाकतोय. तुम्ही पळून किती जमवताय? माझा नारळ तुमच्यापेक्षा जास्त पळतोय!"

डॉक्टरांना सांगायची कुणाचीच हिंमत झाली नाही. त्यांनी पुढच्याच गावात भाषणात सांगितलं, "या श्रीफळामागची भावना आम्ही जपून ठेवू."

*

मिरजगावच्या मुक्कामी एक रिटायर्ड हेडमास्तर भेटायला आले. स्वच्छ धोतर, जाड भिंगं. भिंगं बघूनच माझ्या मनात आदर निर्माण झाला. त्यांनी आमचे टी-शर्ट मागून वाचले. मग पुढे येऊन बसले.

"फार चांगलं काम करताय. मला एक सांगा, तुम्ही चौघं नगरला कुठं राहता?"

"आम्ही तिघं सावेडीला. एकाच गल्लीत."

"वा. मग तुमच्या वॉर्डाचे नगरसेवक कोण हो?"

आम्ही तिघांनी एकदम उत्तर दिलं. तीन वेगवेगळी नावं आली.

मास्तरांनी चष्मा काढून भिंगं पुसली. मग म्हणाले, "मधलं नाव सांगितलंत ना, ते माझे व्याही. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली."

मधलं नाव माझं होतं. त्या रात्री मी टी-शर्ट उलटा घालून झोपलो.

*

आणि मग सव्वीस जानेवारी. हा किस्सा सांगताना मी अजूनही समोरच्याकडे बघत नाही.

आमच्या पळण्याआधीच अक्कांनी गाव पालथं घातलं होतं. घरोघर गेल्या होत्या. ज्यांच्या पोरांना वगराळं धरून रस्ता ओलांडून दिला, त्या प्रत्येकाच्या दारात उभं राहून त्यांनी एकच सांगितलं होतं, "सभेला या." आणि गाव आलं होतं! ग्रामपंचायतीचा हॉल गच्च. सह्या झालेल्या. ग्रामसेवकांनी कोरम भरल्याचं जाहीर केलेलं. सरपंच घाम पुसत होते, पुतण्या दारात अस्वस्थ. भिंतीचा विषय दोन विषयांनंतर येणार होता.

आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही वेशीपाशी पोचलो. बाळूच्या दोस्तांनी आधीच हलगी ठरवून ठेवली होती. हलगी कडाडली! पोपटशेठ खास टेम्पोतून उतरून शेवटच्या वळणाला आमच्यात सामील झाले, अंगावर पाणी शिंपडून, घाम आल्यासारखे.

हलगीचा आवाज हॉलमध्ये गेला. आधी पोरं बाहेर पडली. मग तरणी मंडळी. मग "बगू तर" म्हणत म्हातारी. मोबाईल निघाले, फेटे निघाले. कुणीतरी डॉक्टरांना खांद्यावर घेतलं. देवळापुढच्या पारावर आम्हाला चढवलं, हातात माइक दिला. डॉक्टर जीव तोडून बोलत होते, "मित्रहो, ग्रामसभा ही लोकशाहीची शाळा आहे! तिथं तुम्ही बसलं पाहिजे!" आणि समोर अख्खी ग्रामसभा उभी राहून टाळ्या वाजवत होती!

सरपंच हॉलच्या दारात आले. हसतमुख. इतका आनंदी माणूस मी सव्वीस जानेवारीला कधी बघितला नाही. त्यांनी आत वळून ग्रामसेवकांना विचारलं, "किती राह्यले?"

आत अक्का होत्या आणि त्यांच्यासोबतच्या चार बाया.

"कोरम न्हाई. सभा तहकूब," सरपंच म्हणाले आणि आम्हाला हार घालायला पारावर आले. आम्ही हार घालून घेतले. हातसुद्धा जोडले.

काय झालं ते बाळूला पहिल्यांदा कळलं. त्याच्या हातातली शाल गळून पडली. गर्दीतून अक्का येताना दिसल्या. वाटलं, वगराळं डोक्यात घालतील. घातलं असतं तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "पिठलं-भाकरी केलीया. जेवून जा. दमला आसाल."

तहकूब सभा झाली ती ठरलेल्या तीन माणसांची. अर्ज पुढच्या सभेत.

*

यानंतर ग्रुप मोडल्यातच जमा होता. डॉक्टर पेशंटच्या तोंडातसुद्धा बघेनात. बाळू तर बहिणीचा फोन आला की मशीन चालू करायचा, आवाजात ऐकू येत नाही म्हणायला. भिंतीपुरता निधी जमला होता, तो बँकेत पडून. माझ्या सासऱ्यांनी तर आपला वाटा हसत-हसत दिला. "एवढी मोठी सभा तुम्ही एकट्यांनी उठवलीत," म्हणाले, "मला वाटलं नव्हतं तुमच्यात एवढा दम असेल."

एप्रिलमध्ये अक्कांनी सरळ माझ्या दुकानात फोन लावला. बाळू समोरच बसला होता, फोन माझा म्हणून त्याला पळता आलं नाही.

"दादा, महाराष्ट्र दिनाला परत ग्रामसभा हाय. तुमी या."

मी म्हणालो, "अक्का, आता कुठल्या तोंडानं येऊ? तुमची भरलेली सभा आम्ही उठवली."

"त्येच म्हनते मी. मी महिनाभर उंबरे झिजवले तवा गाव सभेला आलं, आन् तुमच्या सत्काराला न बोलावता आलं. म्हंजी गावाला सत्काराचं याड हाय. तवा तुमी या. पण पोचू नका."

"म्हणजे?"

"या, पण पोचू नका," अक्का म्हणाल्या. "बाकीचं मी बगते."

*

महाराष्ट्र दिनाला आम्ही गावात पोचलो ते पोपटशेठच्या टेम्पोत, ताडपत्रीखाली. ड्रायव्हर पुढे, आम्ही चौघंही मागे आडवे. बाजूला मागच्या वेळचे चार नारळ. मागच्या बाजूनं शाळेच्या स्वयंपाकाच्या शेडला टेम्पो लावला आणि शेळ्या उतरवाव्यात तसं बाळूच्या भाच्यानं आम्हाला उतरवलं. नारळ पोपटशेठनी त्याच्याच हाती गावातल्या दुकानात विकायला धाडले. शाळेत निकालाचा दिवस, त्यामुळं पोरंही होती आणि अक्कांची चूलही पेटलेली होती. आम्ही चुलीशेजारी बसलो.

पुढच्या बाजूला, शाळेच्या पटांगणात, ग्रामसभा भरत होती. हॉल लहान पडेल म्हणून जागा बदलायला सरपंचच राजी झाले होते. कारण चार दिवस गावात भोंगा फिरत होता, 'नगरचे धावपटू ग्रामसभेत येणार! सरपंचांच्या हस्ते भव्य सत्कार!' सरपंचांनी नवा सदरा शिवला होता. पटांगणाला भिंत नाही, माणूस कुठूनही सुटू शकतो. त्याला धरून ठेवायला होता फक्त आमचा न झालेला सत्कार.

गर्दी मावेना. सह्या झाल्या. कोरम भरला. सरपंच वेळ काढायला लागले. "पावने येऊ द्या, मंग बगू."

पुढच्या रांगेतून अक्कांचा आवाज आला. "पावने येईस्तवर विषय घ्या की! मानसं काय नुसती उन्हात बसवता?" मागून बाया ओरडल्या, "घ्या, घ्या!"

सरपंचांनी मोबाईल काढला. इकडे चुलीशेजारी माझा वाजला. अक्कांनी सरपंचांना नंबर माझाच दिला होता, हे काम मुद्दाम माझ्यावर सोपवलं होतं. बाळूनं त्यांना सांगितलं होतं म्हणे, चौघांत खोटं बोलायला हाच चांगला.

"कुठवर आला?"

"मिरजगाव... हा... सोडलं... हा," मी धापा टाकत म्हणालो. एका हातात खिचडीची ताटली. "चढ लागलाय!"

"मिरजगावच्या पुढं चढ कुठं हाय?"

"आम्हाला... लागतोय!"

डॉक्टर भिंतीकडे तोंड करून जेवत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते जेवल्यावर दात न घासता तसेच बसून राहिले. पोपटशेठनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. पोरं आमच्याभोवती बसून जेवत होती आणि एक चिमुरडी मला सारखी विचारत होती, "तुमी पळनार कवा?"

पुढे पाण्याच्या टाकीचा विषय झाला. दिव्यांचा झाला. सरपंचांचा परत फोन. "आता कुठं?"

"फाटा... दिसतोय!"

पटांगणात कुजबुज पसरली, 'फाट्यावर आले, फाट्यावर आले!' एक माणूस उठेना. उलट ज्यांना घरी जायचं होतं, तेही परत बसले. आणि त्या गडबडीत अक्का उभ्या राहिल्या. भिंतीचा विषय. मांडव हलवून शाळेला भिंत. बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करा.

शेडच्या पत्र्याला एक भोक आहे. बाळूनं त्याला डोळा लावला होता. "लई हात वर झाले! डॉक्टर, लई! पुतन्याचा बी वर हाय!"

पुतण्याच्या वर केलेल्या हातात मोबाईल होता. तो आमच्या येण्याचं शूटिंग करायला तयारीत बसला होता. ग्रामसेवकांनी मोजला!

टाळ्या झाल्या. थोड्या वेळानं अक्का मागे आल्या. पदरानं तोंड पुसलं. चुलीजवळ ठेवलेलं वगराळं उगाच उचललं, परत ठेवलं. बाळूनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी त्याला एक टपली मारली.

"झालं," अक्का म्हणाल्या. "आता पळा."

आम्ही शेडच्या मागून, बाभळीच्या आडून, रस्त्यावर आलो आणि तिथून पळत पटांगणात शिरलो. पोटात एवढी खिचडी, की धाप अगदी खरी लागली. हलगी कडाडली. पोपटशेठना तर खरोखर चक्कर आली, दोघांनी धरलं. गावानं जागचं उठून टाळ्यांचा कडकडाट केला. डॉक्टरांना माइक दिला, त्यांनी पहिल्यांदाच भाषण केलं नाही. फक्त "नमस्कार" म्हणाले आणि खाली बघत राहिले.

सरपंच हार घेऊन माझ्यापुढे आले. हार घातला. नारळ दिला. शेंडी डावीकडे कललेली. मग फोटोसाठी माझ्या खांद्यावर हात टाकला, कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि हसताहसताच माझ्या कानाशी तोंड आणलं.

"चष्मेवाले, पुढच्या टायमाला पळत येताना मिशी पुसून येत जा," ते म्हणाले. "शीत हाय."